संशोधनाचा श्रीगणेशा आणि पेढीवरील जुन्या पट्ट्या

गतवर्षी दीपावलीचे वहीपूजन आटोपून आठ-दहा दिवस झाले असतील. रताळ्यांच्या गाड्या बाजारात लागू लागल्या होत्या आणि आमच्या पेढीवरील सकाळची गडबड नुकतीच ओसरली होती. अशा वेळी बेळगुंदीची एक मुलगी आपल्या वडिलांना सोबत घेऊन पायरीशी येऊन उभी राहिली. वडील आमच्या ओळखीचे; त्यांचा माल गेली कित्येक वर्षे आमच्याच अडतीवर उतरतो. उचल मागावयास आले असावेत असे आम्हांस वाटले. परंतु बोलली ती मुलगीच.

"काका, मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र घेतलंय. आमच्या गावच्या रताळ्याला पूर्वी काय भाव मिळत होता ते मला बघायचं आहे. तुमच्याकडे जुन्या पट्ट्या आहेत, असं बाबा म्हणतात."

आम्ही म्हणालो, "पोरी, पट्ट्या बघून तुला परीक्षेत मार्क मिळणार आहेत का?"

"ते ठाऊक नाही काका. पण भाव कुणी लिहून ठेवलेला दिसला नाही. म्हणून विचारायला आले."

या उत्तरापुढे आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हते. आमच्या वडिलांनी बांधून ठेवलेली दप्तरे माळ्यावर होती. ती खाली उतरविण्यात आली. तेव्हापासून आजपर्यंत जे घडले, त्यावरून आमच्या व्यापारी बंधूंपुढे काही विचार मांडावेत म्हणून या स्मरणिकेच्या संपादकांकडून आम्ही ही चार पाने मागून घेतली आहेत.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा झगा घातलेला शास्त्रज्ञ किंवा पिकल्या केसांचा पंडित उभा राहतो. पदवी घ्यावी, मग पदव्युत्तर परीक्षा द्यावी, मग पीएच. डी.साठी नाव नोंदवावे आणि त्यानंतर संशोधनास हात घालावा, असा क्रम आपण गृहीत धरला आहे. पदवीच्या वर्गातील मुलाने नेमलेली पुस्तके वाचावीत, उत्तरे पाठ करावीत आणि परीक्षेस बसावे, एवढीच आपली अपेक्षा असते. जगात इतरत्र हा समज मागे पडून बराच काळ लोटला. १८१० साली बर्लिन येथे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून जे विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या मुळाशीच अध्यापन आणि संशोधन ही दोन कामे एकमेकांपासून तोडू नयेत, हा विचार होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या प्राध्यापिकेने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना थेट प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत कामास घेण्याची योजना सुरू केली. पुढे अनेक विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. शिकाऊ मुलगा पेढीवर बसल्यावाचून व्यापार शिकत नाही, हे आपणा व्यापाऱ्यांस कोणी सांगावयास नको. विद्येच्या बाबतीत मात्र आपण तेच विसरतो.

आपल्या सीमाभागात या प्रश्नास एक विचित्र वळण लागले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात चौथ्या वर्षाची सोय आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास इच्छा असल्यास चौथ्या वर्षी एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन-प्रबंध लिहिता येतो. एकूण १६० श्रेयांकांपैकी १२ त्या प्रबंधास आहेत. कर्नाटकाने नवे धोरण २०२१-२२ मध्ये इतर राज्यांच्या आधी स्वीकारले आणि २०२४-२५ च्या प्रवेशापासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्राने चार वर्षांचा मार्ग पुढे चालू ठेवला. आता निपाणीची स्थिती पाहावी. गाव कर्नाटकात, परंतु निपाणीचे व्यापारी देवचंद शाह यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले देवचंद महाविद्यालय गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात आहे आणि ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एक तिकडे गेले आणि दुसरे बेळगावास राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयात आले, तर दोघांच्या पदवीची वर्षे आणि संशोधनाची वाट निरनिराळी ठरते. धोरण कोणते बरोबर, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. सरकारे धोरण ठरवितात आणि बदलतातही. परंतु चौथे वर्ष असो वा नसो, बेळगुंदीच्या त्या मुलीने दुसऱ्या वर्षीच कामास आरंभ केला आणि त्यासाठी तिला कोणत्याही परिपत्रकाची गरज पडली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

तिने आरंभ कसा केला, हे आम्ही तिला खोदून खोदून विचारले. पहिल्याने ती वर्गातील एका प्राध्यापकांकडे गेली आणि "सर, मला संशोधन करायचं आहे" असे म्हणाली. त्यांनी विषय विचारला. "शेतीमालाचे भाव," असे तिने सांगितले. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "हा विषय नव्हे, हा महासागर आहे. एक पानभर लिहून आण. कोणता माल, कोणते गाव, किती वर्षे, आणि माहिती कोठून मिळणार." ते पान लिहावयास तिला तीन आठवडे लागले. आमच्या मते तिच्या साऱ्या कामातील अर्धे काम त्या एका पानात झाले. त्या पानावर अखेरीस जे उरले ते असे: बेळगुंदी व शेजारची चार गावे, माल रताळे, काळ १९५० ते १९७०, आणि साधन एका अडत दुकानाच्या पट्ट्या. प्रश्न एकच, आणि तो एका वाक्यात मांडता येणारा: या वीस वर्षांत शेतकऱ्याच्या हाती रताळ्याचा प्रत्यक्ष किती पैसा पडला?

विद्यार्थी प्राध्यापकांकडे जातात ते बहुधा रिकाम्या हाताने. "मला काहीतरी काम द्या," असे म्हणणाऱ्यास कोणताही कामात बुडालेला माणूस पुढे केव्हातरी ये असेच सांगणार. आमच्या पेढीवरही नोकरी मागावयास येणारे तसेच येतात. परंतु जो मुलगा म्हणतो, "तुमच्या वखारीच्या मागच्या बाजूस पोती रचण्याची पद्धत पाहिली, तेथे माल भिजतो असे दिसते," त्यास आम्ही बसवून घेतो. प्राध्यापकही माणसेच आहेत. त्यांचे एखादे लिखाण वाचून, त्यातील एखादी शंका लिहून घेऊन जो जातो, त्यास ते विन्मुख पाठवीत नाहीत. आणि एकाने पाठविलेच तर दुसऱ्याकडे जावे. त्या मुलीलाही पहिल्या दोघांनी वेळ नाही म्हणून सांगितले होते. तिने त्याचे वाईट वाटून घेतले नाही.

बेळगुंदी हे बेळगावच्या पश्चिमेस राकसकोपच्या बाजूचे गाव. तांबडी माती, पावसाळी भात आणि रताळी. नवरात्र, एकादशी आणि महाशिवरात्र या उपवासांच्या दिवसांवर येथील रताळ्यांची मागणी अवलंबून असते, हे आपल्यापैकी अनेकांस अनुभवाने ठाऊक आहे. परंतु अनुभवाने ठाऊक असणे आणि कागदावर सिद्ध असणे यांत अंतर आहे, हे आम्हांस या मुलीमुळे कळले. तिने पट्ट्या उतरवून घेण्यास प्रारंभ केला. रविवारी सकाळी ती येई. पेढीच्या मागील खोलीत एका पेटीवर वही ठेवून ती लिहीत बसे. तारीख, गाव, पोती, वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई, कडता आणि अखेर शेतकऱ्यास दिलेली निव्वळ रक्कम, असे तिचे रकाने होते. शेतकऱ्याचे नाव तिने लिहून घेतले नाही. त्याऐवजी क्रमांक घातला. प्राध्यापकांनी तसे बजावले होते म्हणे. प्रत्येक नोंदीपुढे मात्र दप्तर कोणते आणि पट्टी कितवी हे ती टिपून ठेवी. आम्ही विचारले, हा खटाटोप कशासाठी? तर म्हणाली, "उद्या मी चुकले असं कुणी म्हटलं, तर त्यांना परत याच कागदापाशी येता आलं पाहिजे." रोजमेळावरून खतावणी आणि खतावणीवरून पुन्हा रोजमेळ, ही आपलीच रीत तिने अजाणता उचलली होती.

फेब्रुवारीत ती मोठ्या उत्साहाने एक आलेख घेऊन आली. १९५० पासून भावाची रेघ जवळजवळ आडवी चाललेली आणि १९६० नंतर एकाएकी उभी चढलेली. भाव जवळजवळ पावणेतीनपट झाला होता. "काका, या सुमारास असं काय झालं? बाहेरून मागणी वाढली का?" तिने कारणांची एक यादीही करून आणली होती. दुष्काळ, रेल्वे, शहरांची वाढ.

आम्ही तो आलेख बराच वेळ पाहिला. मग वडिलांची एक सवय आठवली. ते वजन लिहिताना अखेरपर्यंत मणाचाच उच्चार करीत. आम्ही तिला विचारले, "पोरी, साठ सालाआधी भाव कशाचा लिहिला आहे?" तिने वही चाळली. मणाचा. "आणि नंतर?" क्विंटलचा.

वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ पर्यंत व्यापारात सर्वत्र सक्तीची झाली. नाणी त्याआधीच, १ एप्रिल १९५७ पासून दशमान झाली होती. तोवर रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या ४ पैशांचा हिशेब होता. म्हणजे तिच्या आलेखातील ती उभी चढण मालाची नव्हतीच. ती मापाची होती.

परंतु येथेच गोष्ट संपली नाही, आणि खरे सांगावयाचे तर येथूनच तिचे संशोधन सुरू झाले. कारण मण म्हणजे किती? मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास. मद्रासचा २५ पौंडांचा. बंगाली किंवा रेल्वेचा मण ८२ पौंडांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलो. आपला हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, बाजूला कोल्हापूर, सांगली, जमखंडी अशी जुनी संस्थाने, आणि दक्षिणेस म्हैसूर व मद्रासकडील व्यापार. येथे कोणता मण चालत होता? एकाच बाजारात गुळास एक आणि मिरचीस दुसरा मण चालत असेल काय? आम्ही जन्मभर या व्यापारात, तरी आम्हांस छातीठोकपणे सांगता येईना.

उत्तर एका जुन्या बिल्टीने दिले. मुंबईस पाठविलेल्या मालाची रेल्वेची पावती एका पट्टीस टाचलेली होती. त्याच मालाचे पेढीवरील वजन मणांत आणि रेल्वेचे वजनही मणांत, दोन्ही जुळणारी. म्हणजे निदान आमच्या पेढीवर, निदान त्या साली, रताळी रेल्वेच्या मणाने मोजली जात होती. १०० किलोस ३७.३ ने भागले की २.६८ येतात. पावणेतीनपटीचे रहस्य ते होते. मुलीचा चेहरा उतरला. तीन महिन्यांचे श्रम वाया गेले असे तिला वाटले. तिच्या प्राध्यापकांनी मात्र ते ऐकून तिला चहा पाजला, असे तिने नंतर सांगितले. सारे भाव किलोवर आणि नव्या पैशांवर आणून तिने आलेख पुन्हा काढला. आता रेघ हळूहळू चढते, मध्ये दोन ठिकाणी खाली येते, आणि त्या दोन ठिकाणी काय झाले याचा शोध ती घेत आहे. एकाच बिल्टीवर विसंबू नये म्हणून आणखी दोन पेढ्यांची दप्तरे पाहावीत, असे तिला सांगण्यात आले आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा बेळगावचा खंडही तिने ग्रंथालयातून वाचावयास घेतला आहे. त्यात शेती व व्यापारावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि आपल्या आधी कोणी काय नोंदविले आहे हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, हा धडा ती शिकली आहे.

हाताशी असलेल्या साधनापासून आरंभ करणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे, हे सांगताना आम्हांस डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांची आठवण होते. ते याच जिल्ह्याचे. चिकोडी तालुक्यातील सदलगा येथे ६ फेब्रुवारी १९०६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९२८ मध्ये ते बी. ए. झाले, १९३० मध्ये एम. ए. झाले, आणि त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९६२ पर्यंत ते तेथेच राहिले. त्यांनी संपादिलेल्या प्रवचनसाराची १९३५ ची आवृत्ती आणि तिची शंभरांहून अधिक पृष्ठांची इंग्रजी प्रस्तावना आजही अभ्यासक उघडतात. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांस डी. लिट. दिली. १९६६ मध्ये अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते.

एवढ्या मोठ्या विद्वानाच्या तरुणपणीच्या एका शोधाची हकीकत पदवीच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी आहे. वरांगचरित नावाचे एक संस्कृत काव्य होते. त्याचा उल्लेख इ. स. ७८३ च्या जिनसेनकृत हरिवंशपुराणात आहे. परंतु तेथे ग्रंथाचे नाव आहे, कर्त्याचे नाही. त्याच्या लगत आधी पद्मचरितकर्ता रविषेण याची स्तुती असल्याने वरांगचरितही रविषेणाचेच असावे, असा जाणत्यांचाही तर्क होता. ग्रंथ मात्र कोणाच्या पाहण्यात नव्हता. उपाध्ये कोल्हापुरात नोकरीस लागल्यावर तेथील लक्ष्मीसेन मठातील ताडपत्रे पाहू लागले आणि त्यांत ते काव्य त्यांच्या हाती आले. लिपी जुनी कन्नड, भाषा संस्कृत. मग त्यांनी प्रश्न घातला: हे कोणाचे? इ. स. ७७९ च्या प्राकृत कुवलयमालेत कवीचे नाव जटिल म्हणून येते. आदिपुराणात जटाचार्यांची स्तुती येते. जुन्या कन्नड कवींनीही त्या आचार्यांचे स्मरण केले आहे. हे सारे धागे जुळवून कर्ता रविषेण नव्हे, जटासिंहनंदी होय, हे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथ १९३८ मध्ये मुंबईच्या माणिकचंद्र ग्रंथमालेत छापला गेला.

यात आम्हांस विशेष वाटते ते असे की ज्या मठावरून शेकडो लोक रोज ये-जा करीत, तेथेच ते ताडपत्र होते. आणि ते वाचता आले ते कन्नड लिपी व संस्कृत-प्राकृत भाषा एकाच माणसास येत होत्या म्हणून. सीमाभागात जन्मल्याचे आपण अनेकदा दुःख करतो. आमच्या मुलांस घरी मराठी, शाळेत कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि काही घरांत गुजराती किंवा मारवाडी. परंतु बेळगाव-निपाणीच्या पेढ्यांवरील जुनी दप्तरे मोडीत, कन्नडात आणि गुजरातीत आहेत. ती वाचू शकणारा विद्यार्थी पुण्यात किंवा बंगळुरात सहज सापडावयाचा नाही. तो आपल्याच घरी सापडेल.

उपाध्ये यांच्यासारख्यांच्या श्रमांमागे व्यापाऱ्यांचे द्रव्य होते, हेही आपण लक्षात ठेवावे. माणिकचंद्र ग्रंथमालेस मुंबईच्या शेठ माणिकचंद हिराचंद यांचे नाव आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. तिलोयपण्णत्तीचा पहिला भाग त्या मालेत १९४३ साली उपाध्ये व हिरालाल जैन यांनी संपादून प्रसिद्ध केला. कलकत्त्याचे बहादुरसिंह सिंघी यांनी सिंघी जैन ग्रंथमालेचा भार उचलला आणि कुवलयमाला तीत निघाली. या गृहस्थांनी ग्रंथ छापले. परंतु त्याही आधी ग्रंथभांडारांच्या किल्ल्या विद्वानांच्या हाती मिळाव्या लागल्या. देणगी देणे त्या मानाने सोपे. किल्ली देणे अवघड.

आणि आमच्या बाबतीत ती किल्ली म्हणजे हिशेबाची चोपडी. गतवर्षीच्या एका बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हिशेब परक्यास दाखवावयाचा नसतो. त्यातून काय निघेल कोणी सांगावे?" त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. खरोखरच काही निघू शकते. त्या मुलीच्या रकान्यांत कडत्याचाही एक रकाना आहे. मातीसाठी, ओलाव्यासाठी म्हणून पोत्यामागे जे वजन कापले जाई, ते कोणत्या वर्षी किती होते, हे तिच्या वहीत उतरले आहे. आमच्या वडिलांच्या पेढीवरील दोन वर्षांचे आकडे पाहून आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. माल ओला होता म्हणून ते कापले असेल काय? त्या वर्षी पाऊस लांबला होता काय? की दुसरे काही? मुलीने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, हा रकाना वगळू का?" आम्ही म्हणालो, "वगळायचा नाही." हे लिहिताना आम्हांस शौर्य गाजविल्यासारखे मुळीच वाटत नाही, ते शब्द तोंडातून काढताना बराच वेळ लागला.

निपाणीच्या बंधूंस हे अधिक कळेल. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी राष्ट्रीय महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणीच्या वखारींतील तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटना कशी बांधली, यावर छाया दातार यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांची बाजू लिहिली गेली, कामगारांचीही लिहिली गेली, आणि ते योग्यच झाले. व्यापाऱ्याने कोणत्या भावाने घेतला, कोणत्या भावाने विकला, व्याज किती भरले, माल किती कुजला, हे मात्र वखारींतच राहिले. आपली बाजू मांडली जात नाही अशी तक्रार आपण करतो. ती मांडण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग आहे, आणि त्यात कडत्याचाही रकाना येणार.

दरम्यान ही साधने नाहीशी होत आहेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे ७२ महिने ठेवावी लागतात. त्यानंतर त्यांस कोणी विचारीत नाही. आमच्याच घरी, घराची दुरुस्ती निघाली तेव्हा, आजोबांच्या काळातील मोडी चोपड्यांचे एक गाठोडे रद्दीवाल्यास वजनावर गेले. दोष कोणाचाही नाही, आमचाच. आम्ही त्या दिवशी परगावी होतो आणि सांगून गेलो नव्हतो. नंतर मुलीने "१९५० च्या आधीचं काही आहे का?" असे विचारले तेव्हा खाली पाहण्यापलीकडे आम्हांस काही करता आले नाही.

येथवर आम्ही आमच्या परिचयाच्या विषयातच रमलो. शास्त्र शाखेच्या मुलांस चोपड्या कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रताळ्याच्या पिकाचा मोठा शत्रू जो सोंड्या भुंगा, त्याने पोखरलेली कंदे बाजारात प्रतवारी करताना रोज बाजूला पडतात. वनस्पतिशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक हंगामभर दर आठवड्यास शंभर कंदे मोजली, तरी कोणत्या गावच्या मालात कीड अधिक आणि कोणत्या महिन्यात, याची एक नोंद तयार होईल. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान मंडळ कित्येक वर्षांपासून विद्यार्थी प्रकल्पांस साहाय्य देत आले आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे; दोन महिन्यांचे छोटे संशोधन त्यात अपेक्षित असते, आणि या परिषदेची एक संस्था तर आपल्या बेळगावातच आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांस नामांकित शास्त्रज्ञांकडे दोन महिने पाठवितात. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ पासून आविष्कार ही संशोधन-स्पर्धा भरते आणि तीत पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो. अर्जुननगरला शिकणाऱ्या निपाणीच्या मुलांस ती वाट खुली आहे. यांपैकी बहुतेक ठिकाणी अर्जासोबत तेच एक पान मागतात, जे लिहावयास आमच्या बेळगुंदीच्या मुलीस तीन आठवडे लागले.

पालकांच्या मनात एक शंका राहतेच, आणि तिच्या वडिलांनी ती आमच्याजवळ बोलूनही दाखविली: "शेठजी, यातून नोकरी लागेल का?" आम्ही त्यांस खोटे आश्वासन दिले नाही. लागेल असे सांगता येत नाही. मात्र आमच्या पेढीवर हिशेबास माणूस ठेवावयाचा झाला आणि समोर दोन उमेदवार आले, तर ज्याने आपली चूक आपण होऊन शोधून काढली त्यास आम्ही घेऊ, एवढे सांगितले. त्यावर ते हसले. त्यांस ते उत्तर पुरेसे वाटले की नाही, हे आम्हांस कळले नाही. परंतु तेव्हापासून रविवारी मुलीस बाजारात सोडावयास ते स्वतः येतात आणि मालाच्या गप्पा मारीत पायरीवर बसून राहतात. एकदा त्यांनीच एका पट्टीवरील गावाचे नाव ओळखून दिले. शाईच्या डागाखालचे ते नाव आम्हां दोघांसही लागत नव्हते.

तिला आता दोन आणखी पेढ्यांची दप्तरे हवी आहेत, १९५५ ते १९६५ या काळातील, रताळी, बटाटे किंवा गूळ यांपैकी कोणत्याही मालाची. पट्ट्या पेढीबाहेर नेल्या जाणार नाहीत, शेतकऱ्यांची नावे उतरविली जाणार नाहीत, आणि जे लिहिले जाईल ते छापण्यापूर्वी पेढीस दाखविले जाईल, असे तिच्या प्राध्यापकांनी लेखी दिले आहे. पत्र आमच्याजवळ आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी यावे. १९६१ चे आमचे दप्तर ओलीमुळे चिकटले आहे. पाने सुटी करण्याचे काम पुढील रविवारी सकाळी नऊ वाजता पेढीच्या मागील खोलीत सुरू होईल.